वहिनीचा पोहण्याचा पोशाख

आमच्या बडोद्यात तेव्हा महाराजांच्या पसंतीची गोष्ट सरकारी नोकरांच्या घरात लवकर शिरे, पण बैठकीच्या खोलीपुरती. स्वयंपाकघरापर्यंत ती पोचायला फार वेळ लागायचा. माझे वडील हुजूर कचेरीत वरच्या जागेवर होते. मुलींनी व्यायाम करावा, मोकळ्या हवेत खेळावं, असं ते सभांतून बोलत, आणि बोलत छान.

मी इंग्रजी चौथीत असताना मुलींना पोहायला शिकवायची टूम निघाली. भोवती उंच भिंत घातलेला एक हौद होता. आठवड्यातून दोन सकाळी तो शाळेच्या मुलींसाठी, आणि शनिवारी दुपारी शहरातल्या बायकांसाठी राखलेला असे. वडिलांनी माझं नाव सगळ्यांत आधी घातलं. अडचण पोशाखाची आली. मुंबईहून येणारे लोकरीचे पोशाख साहेबांच्या बायका घालत. आईनं एकाचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "हे अंगावर घालतात की अंग दाखवायला घालतात? मी असलं काही शिवणार नाही."

"मी शिवते," वहिनी म्हणाली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. वाईची. घरातल्या बायकांच्या बॉड्या, पोलकी सगळी तीच शिवायची. बॉडी शिवून घ्यायला तेव्हा शिंप्याकडे कोण जाणार? पुरुषमाणसानं तिथली मापं घ्यायची, ही कल्पनाच नको वाटे. त्यामुळे घरोघर ज्याचं त्यानं शिवायचं, आणि बहुतेकींच्या बॉड्या एक तर काखेत काचायच्या नाही तर पोत्यासारख्या लोंबायच्या. वहिनीचा हात मात्र बसलेला होता.

वडिलांचा एक जुना काळा अलपाकाचा कोट माळ्यावर पडला होता. वहिनीनं तो उसवला. दुपारी आई आडवी झाली की आम्ही दोघी मधल्या खोलीत दार लावून बसायचो. तिनं सुतळीनं माझी मापं घेतली, प्रत्येक मापाला गाठ मारली. वर्तमानपत्राचा कागद कापून माझ्या अंगाला लावून पाहिला. छातीच्या आत मांजरपाटाचं दुहेरी अस्तर, बाजूला चिमटे घेऊन.

"हात वर करा, वन्सं. आता पोहताना मारतात तसे हात मारा. हां, बघा, इथं ओढतंय."

पहिल्यांदा काखेत टराटरा उसवलं. दुसऱ्यांदा मी तो घालून न्हाणीघरात अंगावर घंगाळं उपडं केलं, तर कापड ओलं होऊन इतकं जड झालं की खांद्याच्या पट्ट्या लोंबत खाली आल्या. आम्ही हसून हसून लोळलो. मग तिनं पट्ट्यांच्या आतून जाड फीत घातली. तिसऱ्यांदा जमलं.

"तुम्हांला कसं कळतं हे सगळं?" मी विचारलं.

"मी पोहते ना," ती म्हणाली, आणि लगेच, "पोहायचे. वाईला नदीच्या घाटावरून उड्या मारायचे मी. बाबांचं जुनं धोतर कासोटा घालून नेसायचे. लग्न ठरलं तेव्हा बंद झालं."

त्याच आठवड्यात तिनं भावाचा कॉलेजातला कोट काढला. तोही अलपाकाचाच, कोपरावर विरलेला. त्याचा तिनं स्वतःसाठी पोशाख शिवला. तो पहिल्याच खेपेस बसला.

शनिवारी मला सराव करायचा असला की सोबत म्हणून वहिनीनं यावं, असं आईनंच ठरवलं होतं. वहिनी लुगड्याच्या आत पोशाख घालून यायची. तिला पाण्यात पहिल्यांदा पाहिलं तो क्षण मला अजून लख्ख आठवतो. हौदाच्या काठावर घरातलीच वहिनी उभी होती, जरा वाकलेली, पदर सावरायची सवय असल्यामुळे हात उगीच खांद्याकडे नेणारी. मग तिनं उडी मारली आणि पार पलीकडच्या भिंतीशी वर आली. केस कपाळाला चिकटलेले. ती मोठ्यानं हसली. आमच्या घरात तिला तसं मोकळं हसताना कुणी ऐकलं नव्हतं, दार लावलेल्या खोलीत मी सोडून.

हे सगळं उन्हाळा संपेपर्यंत चाललं.

शेजारच्या गुजराती काकी हौदावर यायच्या, पायरीवर बसून पाय बुडवायच्या. बाई मनानं फार चांगली. एकदा संध्याकाळी ओट्यावर आईशी बोलता बोलता कौतुकानं म्हणाल्या, "तमारी वहु तो माछली जेवी तरे छे, बेन!"

सून मासळीसारखी पोहते, हे आईला असं कळलं. रात्री पानं वाढून झाल्यावर तिनं ते वडिलांना सांगितलं, वहिनी वाढत असताना.

वडिलांनी भात कालवायचा थांबवला. "हिला कुणी परवानगी दिली?"

"बाबा, मलाही तुम्हीच पाठवता ना?" मी म्हटलं.

"तुझी गोष्ट वेगळी. तू मुलगी आहेस. सून म्हणजे घराचं वळण. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"परवा सभेत सांगितलंत तेच सांगा."

"तुला समजायचं नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच आवाज चढवत नसत, म्हणून लोक त्यांना सुधारक म्हणत.

मी भावाकडे पाहिलं. तो आमटी ओरपत होता. वाटी खाली ठेवून तो बायकोला म्हणाला, "माझा कोट कापलास? निदान विचारायचं तरी."

एवढंच. त्या घरात तिच्या बाजूनं बोलायचा हक्क फक्त त्याला होता, आणि तो कोटाबद्दल बोलला.

दुसऱ्या दिवशी आईनं तो पोशाख कापला नाही. वहिनीला समोर बसवून तिच्याकडूनच टाका टाका उसवून घेतला. "कापड वाया कशाला घालवायचं?" म्हणाली. त्याची बाजाराची पिशवी झाली. तीही वहिनीनंच शिवली. पुढं कितीतरी दिवस खंडेराव मार्केटातून गडी त्या पिशवीतून वांगी, मेथी आणायचा.

मी हौदावर जाणार नाही म्हणून हटून बसले. त्याचाही उपयोग झाला नाही. मुलींच्या शर्यती व्हायच्या होत्या, बड्या अधिकाऱ्यांच्या बायका बघायला येणार होत्या. वडील म्हणाले, "मी सांगून ठेवलंय सगळ्यांना. आता माघार नाही." या वेळी सोबतीला मोलकरीण दिली. मी पोहले, मला कप मिळाला. घरी तो वडिलांनीच हातात धरून सगळ्यांना दाखवला.

वहिनी पोळ्या लाटत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर तिनं मान वर न करता विचारलं, "पाणी गार होतं का?"

"हो," मी म्हटलं. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

नंतर माझं लग्न झालं, मी इंदूरला गेले. वहिनीला मुलं झाली. वडील गेले तेव्हा मी बडोद्याला आले होते. घरी माणसं बसली होती. एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "त्या काळात घरच्या बाईला पोहायला पाठवणं म्हणजे छातीच लागते."

मला राहवलं नाही. मी उठून म्हटलं, "घरच्या दोघी पोहत होत्या. त्यातली चांगली कोण होती ते आत जाऊन बघा, चहा करतेय. तिला मात्र बंद केलं होतं."

कुणीतरी खाकरलं. भाऊ लालबुंद झाला. सुभेदारांनी पागोटं उचललं.

मी आत गेले. मला वाटलं होतं, वहिनी माझा हात धरेल. ती कपबश्या मांडत होती.

"कशाला बोललात?" ती म्हणाली. "तुम्ही उद्या गाडीत बसाल, वन्सं. मला इथंच राहायचंय."