डोहावर बंद पडणारं इंजिन

लढाई संपली आणि लष्कराचं मोडीत निघालेलं सामान जागोजागी विकायला आलं. माझ्या काकांनी त्यातून होडीच्या मागे लावायचं एक छोटं इंजिन आणलं. त्यांची होडी खालापूरच्या खालच्या अंगाला पाताळगंगेत चाले. वर खोपोलीला वीजघराचं पाणी सुटतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही, आणि आमच्या गावाखाली ती बंधाऱ्याने बरीच लांबवर तुंबून राही. तेवढ्या पाण्यातून काका मोहोपाड्याच्या बाजूला माणसं आणि भाताच्या गोण्या नेत. होडी रेटायला त्यांचा एकुलता एक मुलगा होता. तो आदल्या पावसाळ्यात वाटेतल्या डोहात बुडून गेला, म्हणून तर इंजिन आलं.

मी तेव्हा कर्जतच्या बाजारपेठेत स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करत असे. काका दुकानात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "इंजिन बंद पडतं रं. घाटावर झ्याक चालतं. नेमकं डोहावर बंद पडतं."

मी हसलो. मला भुतांपेक्षा भुतं सांगणाऱ्यांचाच कंटाळा जास्त. काका हसले नाहीत.

"बंद पडलं की पेट्रोल हाय का बघायला मी टाकीचं झाकन उघडतो," ते खाली मान घालून म्हणाले. "तवा आतून उसासा येतो. मानसाचा येतो तसा."

खरं दुखणं इंजिनाचं नव्हतंच, काकीचं होतं. माझ्या चुलतभावाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. कावळे आले, फांदीवर ओळीने बसले, पण खाली एकही उतरला नाही. काकांनी हात जोडून सांगितलं, तुझ्या आईला जपेन, तुझा गोऱ्हा विकणार नाही, तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं घरी गेली. काकीने तो कावळा मानलाच नाही. "गवताचा कावळा काय खातो?" एवढंच ती म्हणे. पोराचं काहीतरी मागायचं राहिलं आहे, हे तिच्या मनाने घेतलं. मग इंजिन डोहावर थांबू लागलं आणि तिला वाटलं, हा बघा, मागतो आहे.

तेव्हापासून ती दर खेपेला होडीत बसू लागली. इंजिन थांबलं की पाण्यात हात घालून ती त्याला काहीतरी कबूल करी. काका झाकण उघडून बघत, दोरी ओढत, आणि इंजिन लागे. म्हणजे पोराने ऐकलं. पण पुढच्या खेपेला ते पुन्हा थांबे, म्हणजे अजून काही हवं. असं करत तिने आधी मासळी सोडली, मग भात सोडला, मग रात्रीचं जेवण. मी गेलो तेव्हा ती दिवसाला अर्ध्या भाकरीवर होती. दंडावरच्या वाक्या कोपरापर्यंत उतरल्या होत्या. ती मरायला लागली होती, आणि घरात हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

मी इंजिनाला भिडलो. प्लग काढून घासला. पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं. कार्बोरेटरचं भोक स्टोव्हच्या पिनेने साफ केलं. घाटाला बांधून, पेट्रोल दिसावं म्हणून झाकण बाजूला ठेवून चालवलं, तर गडी अर्धी सकाळ गुरगुरत राहिला. मी मिशीला पीळ दिला. मग झाकण लावून निघालो आणि डोहावर ते मेलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. तिथे पाणी काळं आहे आणि आवाज थांबला की फारच थांबतो. काकी पाण्याशी पुटपुटत होती. काकांनी झाकण फिरवलं आणि मी तो उसासा माझ्या कानांनी ऐकला. लांब, दमलेला. माझा चुलतभाऊ गोणी उतरवल्यावर असाच सोडायचा.

परतीच्या वाटेवर इंजिन पुन्हा थांबलं, पण एका उंबरापाशी, डोह यायच्या पुष्कळ आधी. काका म्हणाले, "हितं कदी कदी थांबतं, त्याचं काय नाय." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उंबरापाशी कुणी मेलं नव्हतं, म्हणून ते थांबणं कुणी मोजतच नव्हतं. इंजिनाला डोह ठाऊक नव्हता. निघाल्यापासून ठरावीक वेळ चालून ते मरत होतं, आणि खाली जाताना तेवढ्या वेळात डोह येत होता.

टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू होता. काका तो निघण्यापूर्वी पकडीने आवळत. का, म्हणून विचारलं. "स्टोवची चावी ढिली केली तर स्टोव विझतो ना?" ते म्हणाले. पंचक्रोशीत सगळ्यांनी स्टोव्ह पाहिला होता, असलं इंजिन कुणी पाहिलं नव्हतं. इथे उलटं होतं. स्क्रू आवळला की टाकीत बाहेरची हवा येत नाही, आणि हवा आली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. उसासा म्हणजे झाकण उघडल्यावर आत शिरणारी हवा.

हे मी काकांना एकट्याला सांगितलं. त्यांनी तो स्क्रू दोनदा फिरवून बघितला. मग म्हणाले, "तिला सांगू नको. डोह न थांबता गेला की तीच समजंल, पोरगा निवला." मलाही तेच वाटलं. एकदा होडी सरळ पार झाली की काकीचा जीव भांड्यात पडेल.

दुसऱ्या दिवशी निघताना मी स्क्रू ढिला केला आणि इंजिनापाशी बसलो. काकी पुढे, आमच्याकडे पाठ करून बसली होती. रोज ती थांबल्यावर बोले. त्या दिवशी डोह दिसताच तिने पाण्यात हात घातला.

"आता द्यायला काय उरलं नाय रं बाबा," ती म्हणाली. "मीच येतं तुज्याकडं. या अवसेला येतं. कबूल हाय का?"

आणि इंजिन चालूच होतं. माझ्या हातगुणाने ते असं सुरेख चाललं होतं की बोलायची सोय नाही. थांबलं नाही तर तिच्या लेखी एकच अर्थ होता: कबूल. माझा हात स्क्रूवर गेला, पण तो आवळून इंजिन मरेपर्यंत आम्ही डोहापलीकडे गेलो असतो. मी प्लगवरची वायर उघड्या हाताने उपटली. झटका खांद्यापर्यंत गेला. इंजिन थांबलं. काकांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नको म्हनतो," काकी हळूच म्हणाली, आणि त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा रडली. "मंग काय पायजे रं तुला? काय देऊ?"

मी मागून म्हणालो, "काकी, जेवीन म्हण त्याला. दोन्ही वक्ताला जेवीन."

"येवढंच?"

"म्हणून तर बघ."

ती म्हणाली. "कबूल आसंल तर पयल्या दोरीला लाग," असंही तिने वर घातलं. मी वायर बसवली. ते इंजिन पाचसहा दोऱ्या ओढल्याशिवाय कधी लागत नसे, गरम असलं तर तेवढ्यानेही नाही. माझा हात बधिर झाला होता. पहिल्या दोरीला लागलं नाही, तर हेही त्याला नको, असं ती धरणार, आणि मग अवसच उरणार. मी दोरी गुंडाळली. भुतं न मानणारा मी, त्या काळ्या पाण्याकडे बघून मनात म्हणालो, लाग रं बाबा, तुझी आई हाय ती.

इंजिन पहिल्याच दोरीला लागलं.

काकी त्या दुपारी भात जेवली, आणि पुढे पुष्कळ वर्षं जगली. तेवढी वर्षं ते इंजिन माझ्याच हाताखाली होतं. पहिल्या दोरीला ते पुन्हा कधीही लागलं नाही.