महालक्ष्म्यांच्या दिवशी केंद्र बंद

मस्तगडातल्या उषाबाईंचा आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या या टोकाला त्यांनी "भाकरी काढा गं" म्हटलं की त्या टोकाची बाई तवा उतरवायला धावते. सात वर्षं झाली, रोज सकाळी साडेदहाला ही हाळी. दर घरातून दोन भाकरी नाहीतर पोळ्या, जमलं तर वाटीभर कोरडी भाजी. त्यांचे मालक बद्रीनाथ ते डबे स्कूटीवर लादून सरकारी दवाखान्यापाशी नेतात. तिथं पत्र्याच्या एका खोलीत पेशंटच्या नातेवाइकांची पंगत बसते. पेशंटला दवाखाना जेवू घालतो, पण त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला कोण विचारतं? म्हणून हे भाकरी केंद्र. पगारी माणूस एकही नाही, जो येतो तो आपल्या मनानं येतो.

आणि आपल्या मनानं येणारी माणसं सणावाराला आपापल्या घरीच जाणार, त्यांना काय बोलायचं? पोळ्याला अर्धी मंडळी गावाकडं, दिवाळीला उरलेली. तरी उषाबाई रडतखडत का होईना, निभावून न्यायच्या. फक्त महालक्ष्म्या जेवतात त्या दिवशी त्यांचा इलाज चालत नसे. त्या दिवशी घराघरांत सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, अन्नाची नुसती रेलचेल. पण त्यातला घास घराबाहेर द्यायचा नाही, अशी रीत. सासूबाईंनी ती केदारखेड्याहून देवांच्या पेटीसोबतच आणलेली, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांची तीच. म्हणजे वर्षातून त्या एका दिवशी सगळ्यात जास्त अन्न शिजतं, आणि केंद्राला कुलूप.

दरवर्षी आदल्या दिवशी उषाबाई स्वतः पंगतीत उभ्या राहून ओरडून सांगायच्या, "उद्या न्हाई बरं का, उद्याची सोय आपापली बघा." दोन वर्षांपूर्वी मात्र करंज्यांचं सारण जमेना, सून वंदना एकटी पडली, म्हणून त्या गेल्याच नाहीत. नातीकडून, आकांक्षाकडून, पाटी लिहून घेतली. पोरीचं अक्षर मोत्यासारखं. बद्रीनाथांनी ती दाराला अडकवली, भाकरी वाटल्या आणि आले निघून. काम बराबर झालं असंच दोघांना वाटलं. अहो, इतकी वर्षं ज्यांना हातानं वाढलं, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही, हे या बाईला ठाऊक नव्हतं होय? ठाऊक होतं. त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

त्या निम्म्यांतली एक बायनाबाई, धावड्याची. शेळ्यांमागं उन्हातान्हात हिंडून रापलेली, काटक म्हातारी. तिचा नवरा सांडू पायाची जखम चिघळून आठवडाभर वॉर्डात पडलेला. पहिल्या दिवशी ती पंगतीला आली तीच घामेघूम, थरथरत. उषाबाईंनी विचारलं तर कळलं, हिला स्वतःलाच साखर आहे, जेवायच्या आधी गोळी घ्यायची असते, आणि सकाळी गोळी घेऊन ही तशीच उपाशी हिंडते आहे. उषाबाई अशा डाफरल्या की सगळी पंगत वळून बघायला लागली.

"मरायचं का तुला? साडेअकराला गोळी घे, बाराला इथं ये. आमची भाकर चुकत न्हाई."

"बराबर बाराला?"

"बिलकुल बाराला!"

बायनाबाईनं ते शब्द गाठीशी बांधले.

महालक्ष्म्यांच्या दिवशी उषाबाईंच्या घरी उभ्या मुखवट्यांपुढं ताटं वाढली होती. नैवेद्य दाखवायचा, तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले, आणि उषाबाईंना बायनाबाई आठवली. तिनं गोळी घेतली असणार!

"अहो, ती धावड्याची म्हातारी आली असंल. जरा जाऊन सांगून येता का?"

बद्रीनाथ सोवळ्यात होते. "आत्ता? ताट वाढलंय समोर. सांगितलं असंल की कुणीतरी."

कुणीतरी! त्या दिवशी केंद्राच्या वीसही माणसांनी हेच म्हटलं असणार. उषाबाईंना ते पटलं नव्हतं. पण पटल्यासारखं करणं सोयीचं होतं, आणि त्यांनी ते केलं. दवाखाना स्कूटीवर दहा मिनिटांवर. त्यांनी घंटी उचलली आणि आरती म्हणायला लागल्या.

सवाष्णी जेवून गेल्या, तशा चार वाजता त्या रिक्षा करून दवाखान्यात गेल्या. खोलीला कुलूप, दारावर ती मोत्यासारख्या अक्षरांची पाटी, पायऱ्या रिकाम्या. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "ती म्हातारी होय? एक वाजेपर्यंत इथंच बसल्ती. उठायला गेली अन् पडली. साखर उतरली म्हणे."

बायनाबाई बायकांच्या वॉर्डात सलाइन लावून पडली होती. उजवं मनगट मोडलेलं, भाकरी थापायचा हात. उषाबाईंना बघून तिनं उठायची धडपड केली.

"पड, पड. काय केलंस गं हे?" उषाबाईंच्या तोंडून सवयीनं तेच डाफरणं आलं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

"मला वाटलं, मलाच उशीर झाला," बायनाबाई म्हणाली. "कुलूप दिसलं. म्हनलं लोकं जेवून गेली असतील. मंग बसले, येतंय का कोन बघत."

"आज महालक्ष्म्या होत्या गं."

"हाव की. आमच्याबी घरी असत्यात. यंदा ह्याच्या दुखण्यात ऱ्हाऊन गेल्या. घरी असते तर म्याबी भायेर घास दिला नसता. त्याचं काय न्हाई बाई."

तिनं मोडका हात पोटाशी नीट ठेवला. मग म्हणाली, "एक दिवस उपाशी ऱ्हायाला काय होतंय? तेवढं कुनी सांगितलं असतं, तर म्या गोळी घेतली नसती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. उषाबाई तिचा दुसरा, धड हात धरून बसल्या.

आता महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी त्या घरचं काम टाकून वॉर्डावॉर्डांत फिरतात, प्रत्येक खाटेपाशी वाकून सांगतात, ऐकणाऱ्याकडून पुन्हा वदवून घेतात. रीत मोडायची हिंमत झालेली नाही, केंद्र त्या दिवशी अजून बंदच असतं. बायनाबाई मधूनच फोन करते, हात वाकडाच जुळला, भाकरी आता सांडू थापतो म्हणून हसते. उषाबाईही हसतात. पण त्या दिवशी बारा वाजता आपल्याला तिची आठवण आली होती, हे त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही.