सूज उतरेना

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या वॉर्डात पेशंट जास्त आणि नातेवाईक कमी असतात. गावातलं हिंडतंफिरतं माणूस शेतात असतं. म्हणून त्या मंगळवारी ऑटोतून उतरलेल्या म्हाताऱ्यासोबत फक्त त्याची सून आहे, याचं मला आधी काही वाटलं नाही.

घाटंजीकडच्या एका खेड्यातले होते ते. सत्तरीच्या आसपासचे. चाळीस वर्षं त्यांनी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या, कॉइल भरल्या होत्या. काही वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला आणि तेव्हापासून हृदयाची ताकद कमी झाली. आता चार पावलं टाकली की धाप लागत होती. आडवं झोपताच येत नव्हतं. पाठीशी तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात, असं सुनेनं सांगितलं. तिनं हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे नाही, फरशीकडे पाहत होती. मी ते लक्षात ठेवलं.

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मनात वीसपर्यंत मोजलं तरी भरेना. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खाली बुडबुड ऐकू आली. अंगात पाणी साठलं होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावायला सांगितला, लघवीची नळी टाकली, पाणी उतरवणारं इंजेक्शन सुरू केलं. तीन दिवसांत वजन एकाहत्तरवरून सहासष्टवर आलं. म्हातारे दोन उशांवर झोपायला लागले. शुक्रवारी नळी काढली, इंजेक्शन बंद केलं आणि त्याच औषधाच्या गोळ्या चालू केल्या.

शनिवारी सकाळी वजन अर्धा किलो वाढलेलं. रविवारी आणखी थोडं. सोमवारपर्यंत दीड किलो परत आलं होतं आणि माझा अंगठा पुन्हा खड्डा करायला लागला होता.

मी तशी संशयी बाई आहे. नर्सच्या पंधरा वर्षांच्या नोकरीनं मला तसं केलं की मी आधीपासूनच तशी होते, ते सांगता येणार नाही. पेशंट म्हणतो दोन ग्लास पाणी प्यायलो, तर मी चार धरते. पथ्य पाळलं म्हणतो, तर मी डबा उघडून पाहते. त्या आठवड्यात माझी सकाळची ड्यूटी होती. आधी मी वजनकाट्यावर संशय घेतला; स्वतः उभी राहून पाहिलं, काटा बरोबर होता. मग संध्याकाळच्या सिस्टरवर घेतला. दुपारची गोळी तिच्या वेळेत होती. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी. मी तिला न सांगता ट्रॉलीतली पाकिटं पाहिली. गोळ्या जितक्या जायला हव्या होत्या तितक्या गेल्या होत्या. मग डब्यातली भाजी बोटावर घेऊन चाखली. अळणी होती. इतकी अळणी की मलाच गिळवेना.

उरली सून.

ती तिशीची असेल. बोलायची कमी. खाटेखाली एक कापडी थैली ठेवायची आणि बाहेर जाताना ती सोबत न्यायची, अगदी नळावर डबा धुवायला जातानाही. दिवसातून दोनतीनदा फोन वाजला की व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन बोलायची. रविवारी मी मुद्दाम तिच्यामागे सलाइनचं खोकं उचलायला गेले. ती फोनवर सांगत होती, "नाही, तेयले काई सांगतलं नाही. तुमी बी फोन नका लावू तेयले. अजून किती दिस लागते काय मालूम."

अजून किती दिवस लागतात. हे वाक्य मी घरी घेऊन गेले. पोळ्या लाटतानाही ते डोक्यात होतं.

आणि सोमवारी झाडणाऱ्या मावशींनी सुपडीतली एक पांढरी गोळी मला आणून दाखवली. "त्या मोटारवाल्या बुढ्याच्या खाटेखाली सापडली, सिस्टर." गोळी अर्धवट विरघळून खडबडीत झालेली. मी ओळखली. पाणी उतरवायचीच होती ती.

आमच्याकडे तीसेक पेशंटमागे एका पाळीला एक सिस्टर असते. गोळ्या कागदाच्या पुडीत घालून नातेवाइकांच्या हातात द्यायच्या, चहानंतर द्या म्हणायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. पेशंटनं गोळी गिळेपर्यंत उभं राहायचं असतं, हे प्रशिक्षणात शिकवलेलं मला पाठ आहे. पण मीही पुडीच देत होते. त्यामुळे ती गोळी सुनेच्या हातून खाली गेली, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

मी सरळ खाटेपाशी गेले. म्हातारे डोळे मिटून बसले होते. आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे जागे होते.

"ताई, थैली दाखवा तुमची," मी म्हणाले.

"काहून?"

"दाखवा म्हणते ना."

तिनं थैली उचलली आणि एकेक वस्तू काढून खाटेवर ठेवली. दोन लुंग्या, बनियन, कंगवा, टॉवेल, तिची एक साडी, रिकामा डबा, मोबाइलचा चार्जर. शेवटी थैली उलटी करून झटकली. गोळी एकही नव्हती. शेजारच्या खाटेवरची बाई मान उंच करून पाहत होती.

"गोळ्या कुठं टाकता?" मी विचारलं.

"गोळी मी हातानंच देल्ली तेयले. दोन्ही टाइम."

"मग ही खाली कशी आली?"

तिनं माझ्या तळहातावरची गोळी पाहिली. "मले नाही मालूम," म्हणाली.

"आणि फोनवर कोणाला सांगता, अजून किती दिवस लागतात म्हणून?"

तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "इथं नाही. बाहेर या."

व्हरांड्यात तिनं मोबाइल उघडून एक फोटो दाखवला. बँडेजमध्ये गुंडाळलेला हात. तिचा नवरा पुण्याकडे कारखान्यात होता. वीस दिवसांपूर्वी त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती. "मामाजीले सांगतलं नाही," ती म्हणाली. "हार्टचे पेशंट हायेत. तेयले वाटते सुट्टी भेटून नाही राह्यली, म्हणून पोरगा आला नाही. रोज इचारते, कधी येते म्हणून."

माझ्या मनात दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण तिच्याआधी दुसरा विचार आला: हिला नवऱ्याकडे जायचं आहे आणि ही या म्हाताऱ्यापाशी अडकली आहे. मी डॉक्टरांना सांगितलं, संध्याकाळच्या सिस्टरलाही सांगितलं, त्या सुनेच्या हातात गोळ्या देऊ नका. सांगताना आवाज मुद्दाम लहान केला नाही. दुपारपर्यंत वॉर्डात सगळ्यांना कळलं होतं. नळावर तिच्या पुढच्या बायका तिला जागा देईनाशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाही तर यवतमाळला पाठवू.

मंगळवारी सकाळी गोळी मी स्वतः दिली. म्हाताऱ्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायले, मान हलवली. दुपारचीही संध्याकाळच्या सिस्टरनं अशीच दिली.

बुधवारी वजन तीनशे ग्रॅमनं वाढलं.

मी काट्यासमोर बराच वेळ उभी राहिले. आता संशय घ्यायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्या सकाळी मी ट्रॉली तिथंच थांबवली. सुनेला चहा आणायला पाठवलं, गोळी दिली, पाणी दिलं आणि स्टूल ओढून खाटेपाशी बसले.

"काकाजी, पाच एचपीच्या मोटारीला तार किती लागते हो?"

त्यांनी बोटांनी काहीतरी खूण केली.

"तोंडानं सांगा ना."

"हूं," ते म्हणाले. मिटल्या ओठांनीच.

"काकाजी, तोंड उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर एक बोट तोंडात घालून गालाच्या आतून गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ना घाई, ना ओशाळलेपण. दुरुस्तीवाला मोटारीतून निघालेला खराब भाग गिऱ्हाइकाला दाखवतो, तशी.

"कायले करता असं?" माझ्याही तोंडून घरची भाषा निघाली.

त्यांनी लुंगीची गाठ चाचपली. म्हणाले, "नळी होती तवर बरं होतं, बाई. आता हे गोळी घेतली का अर्ध्या अर्ध्या घंट्यानं जा लागते. संडास तिकडं शेवटाले. मले एकट्याले उभं राहता येत नाही. सून धरते. उभं करते. लुंगी तिलेच सांभाळा लागते. पोराची बायको हाय ते. लोकं म्हणते लेकीसारखी. पर लेक नाही ना."

"मग सांगायचं ना आम्हाला."

"काय सांगू? बाईमाणसाले हे सांगाचं असते काय? पोरगा येऊन राह्यला दोनचार दिसात. तो आला का घेतो साऱ्या गोळ्या."

मी गोळी ट्रॉलीच्या कडेला ठेवली. एवढ्या दिवसांत मी त्यांचं वजन केलं, पाय दाबले, श्वास मोजले, किती लघवी झाली ते सुनेला विचारून कागदावर लिहिलं. लघवीला जाता कसं, हे एकदाही विचारलं नाही. सून सांगायची ते आकडे मी कमी आहेत म्हणून खोटे धरले होते. ते खरे होते.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. आणि म्हटलं, मुलाचं त्यांना सांगून टाका, ते त्याची वाट पाहत गोळ्या थांबवून बसले आहेत. ती घाबरली. काही झालं तर, म्हणाली. मी डॉक्टरांना विचारून आले. मग मी खाटेच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. माझं बोट त्यांच्या नाडीवर.

"मामाजी," ती म्हणाली, "ते येऊ नाही शकत. तेयच्या हाताले लागलं. मशीनमधी दोन बोटं गेली."

नाडी थोडी वेगानं उडाली. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"कोन्ता हात?"

"डावा."

"कोन्ती बोटं?"

"करंगळी अन् तिच्या बाजूची."

ते स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. ती दोन बोटं दुमडून त्यांनी उरलेल्या तिन्हींनी हवेत काहीतरी धरल्यासारखं केलं, पिळल्यासारखं केलं. "काम होते," म्हणाले. मग तिला म्हणाले, "तू एकटी कशी राह्यली एवढे दिस हे घेऊन?" ती तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

त्या दिवशी आम्ही त्यांची खाट संडासाजवळच्या कोपऱ्यात हलवली. पडदा लावला. लघवीचं भांडं हाताशी ठेवलं. सकाळची गोळी लवकर आणि दुसरी दुपारी दोनला, म्हणजे रात्रीची झोप मोडणार नाही. आणि आमचे पन्नाशीचे कक्षसेवक भाऊ, जे कधी एका हाकेत येत नाहीत, त्यांना मी सांगितलं की या काकाजींना फक्त तुम्हीच उठवायचं. माणूस तिरका, पण त्यांच्या घरच्या विहिरीची मोटार याच म्हाताऱ्यानं कधीतरी दुरुस्त केली होती. ते न बोलावता यायला लागले. पाच दिवसांत वजन पुन्हा सहासष्टच्या खाली आलं.

सुनेची माफी मागायला मला एक दिवस लागला. व्हरांड्यात गाठून म्हणाले, "ताई, माझं चुकलं."

ती डबा पुसत होती. "थैली तुमी साऱ्या वार्डासमोर झटकाले लावली, सिस्टर," ती म्हणाली. "अन् माफी इथं मागता."

दुसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर, सगळे खाटांवर असताना, मी तिच्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले की या ताईंनी गोळ्या बरोबर दिल्या होत्या, चूक माझी होती. शेजारच्या खाटेवरची बाई चादर नीट करायला लागली. संध्याकाळची सिस्टर दारात होती. तिच्याही गोळ्या मी तपासल्या होत्या, पण ते तिला आजतागायत सांगितलेलं नाही. सुनेनं मान हलवली. बस, तेवढंच. त्यानंतर नळावर तिला जागा मिळायला लागली, पण ती सगळ्यांचं झाल्यावरच जायची.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी मी तिला कागदावर गोळ्या समजावून सांगितल्या. ही सकाळी, ही दुपारी, रोज वजन, एका दिवसात किलोभर वाढलं की थांबायचं नाही, लगेच घेऊन यायचं. तिनं सगळं ऐकलं, विचारलं काही नाही. कागद घडी करून थैलीत ठेवला.

मी औषधांच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं तर ती संध्याकाळच्या सिस्टरसमोर उभी होती, तोच कागद उघडून.

"एकदा वाचून दाखवा जी," ती म्हणत होती. "त्या सिस्टरनं सांगतलं तसंच हाय काय, पाहा."

सिस्टरनं मोबाइल बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी खिडकीआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.