हिरवा क्रूस

माणिकपूरच्या दवाखान्यात आईला डोळ्याच्या स्कॅनला बसवलं. तिच्या डाव्या डोळ्यासमोर वर्षभरात काळा डाग धरला होता. त्या डोळ्यानं तिला माणसाचा चेहराच दिसत नाही. आणि परवा ती म्हणाली, वाडीसमोरचा विजेचा खांब वाकलाय, कुणाला तरी सांग. मी जाऊन पाहिलं. खांब सरळ होता. म्हणजे आता उजवाही.

मी पोटासाठी हेच काम करते. जिवंत डोळा कधी स्थिर नसतो. यंत्र प्रकाशाची एकेक बारीक रेघ फिरवत आतलं चित्र जमवतं आणि तेवढ्यात डोळा हलला, की चित्रातल्या रक्तवाहिन्या तुटक दिसतात. ते तुटलेलं जुळवणारे प्रोग्रॅम मी लिहिते. हललेल्या रेघा ओळखायच्या, काढून टाकायच्या, शेजारच्या रेघांवरून जागा भरायची. चित्र गुळगुळीत आलं की ऑफिसात सगळे खूश.

"आई, हलू नका हं," मशीनवरची मुलगी म्हणाली. पहिलं चित्र बिघडलं. दुसरंही. तिसऱ्यांदा मशीननं जुळवाजुळव करून स्वच्छ चित्र दिलं आणि मुलगी म्हणाली, "झालं."

"नाही झालं," मी म्हटलं. चित्राच्या मधोमध एक पट्टी नको इतकी गुळगुळीत होती, म्हणजे शेजारच्या रेघांवरून भरलेली. "पुन्हा घ्या." बाहेर पेशंट खोळंबले होते, मुलीच्या कपाळावर आठ्या आल्या. मी भांडायच्याच तयारीत होते, खरं तर घाबरले होते.

या वेळी स्क्रीन सोडून मी आईकडेच बघत राहिले. आत उजेड झाला तशी तिची मान किंचित झुकली आणि उजवा हात कपाळाकडे गेला.

"आय, हात कशाला उचलतेस?"

"आत हिरवा क्रूस दिसतो ना," ती हळूच म्हणाली. "त्याच्यासमोर नुसतीच बसू?"

नजर एका जागी ठेवायला यंत्रात एक हिरवी फुली असते. मी ती रोज बघते. रविवारी चर्चला जाणाऱ्या मला ती कधी क्रूस वाटली नव्हती. मुलीनं हसून फुलीच्या जागी ठिपका लावला. आई जराही हलली नाही, आणि त्याच पट्टीत, बरोब्बर मधे, पाणी साठल्याचा छोटासा फुगवटा दिसला.

डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, इंजेक्शनं सुरू करू, हा डोळा बहुतेक वाचेल. 'बहुतेक' हा शब्द मला अजिबात आवडला नाही.

सांडोरला घरी जाणाऱ्या रिक्षात मी फोन काढला. गेल्या वर्षीचा डाव्या डोळ्याचा स्कॅन त्यात होता. तेव्हा मी तो ऑफिसात बसून पाहिला होता आणि काळजीचं काही नाही असं घरी कळवलं होतं. आता तो मोठा करून पाहिला. मधोमध तशीच गुळगुळीत पट्टी.

"आय, गेल्या वर्षीपण आत क्रूस होता?"

"होता की." तिनं पदर सारखा केला. "तेव्हापण क्रूसाची खूण केली मी. पण तेव्हा फोटो चांगला आलेला ना? तूच म्हणालेलीस, किती छान आलाय."