शब्बाथचं शरबत पोरांनी संपवलं

इस्रायलला गेलेल्या माझ्या मंडळींनो, मी नगरची साराआजी. सांगतेय मी, लिहितेय नात रिबका. आज शुक्रवार; सांजेला शब्बाथचा, आपल्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावला की लिहिणं बंद, म्हणून घाईत ऐका.

सुट्टीत आपल्या प्रार्थनेच्या हॉलात पोरं जमतात. गाणी म्हणतात, खेळतात, माझं डोकं खातात. आज दुपारी लंगडी खेळून दमली आणि कोपऱ्यातलं पातेलं रिकामं करून बसली. संध्याकाळी पेला हातात घेऊन म्हणायच्या आशीर्वादासाठी मी सकाळी मनुके कुस्करून केलेलं शरबत होतं ते!

"अगं, तूसुद्धा?" मी रिबकाला विचारलं.

"आजी, लई तहान लागली हुती. नळाला पानी न्हाई."

दुष्काळात तहानेवर काय रागवायचं? पण आजचा शब्बाथ कोरडा जाऊन चालणार नव्हता. पुढच्या शुक्रवारी रिबका इथं नसेल. आईबापांबरोबर तीही तुमच्याकडंच यायला निघालीय.

मग उरलेला चोथा पुन्हा कुस्करायला पोरांनाच बसवलं. शेजारच्या काकूंनी तांब्याभर पाणी दिलं. शरबत असं झालंय, जणू मनुक्यांनी पाण्याला लांबूनच नमस्कार केलाय.

माझे हात आता थकलेत. तिकडं शुक्रवारी तुमच्यात मनुके कोण कुस्करतं? उत्तर धाडा.

"पण ते मला वाचून कोण दाखवणार गं?" असं रिबकाला आत्ता विचारलं. पोरगी लिहिता लिहिता मला खेटून बसलीय.