रंगाच्या सुईआधीचं पाणी

बायको होती तोवर मी माठातलं पाणी हातानं कधी घेतलं न्हाई. शेतातून आलो की ओसरीवर बसून खाकरायचं, की तांब्या पुढ्यात. ती गेल्यावर खाकरायची सवय राहिली, पाणी कुणी आणीना. मग मी पाणीच कमी केलं. चहावर भागायचं. गुडघा लय ठणकला की मेडिकलमधली गोळी. असं किती वर्षं चाललं, मला कुणी पुसलं न्हाई आन् मी कुणाला सांगितलं न्हाई.

औंदा पोटात उजव्या अंगाला गाठ हाताला लागली. परभणीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. म्हणली, सीटी स्कॅन करू, शिरेत रंगाची सुई देऊन, म्हणजे गाठ कशाची ते नीट दिसंल. त्याच्याआधी रक्त तपासलं आन् तिचा चेहराच बदलला.

"बाबा, किडनी थकलीय तुमची. हा रंग किडनीलाच बाहेर टाकावा लागतो. आज सुई देत नाही."

"मी पेडगावहून आलोय. रिकामा जाणार न्हाई."

"रंग न देता स्कॅन काढू का? पण मग गाठीचं पक्कं कळणार नाही." मग तिनं गुडघ्याच्या गोळ्या बघायला मागितल्या. पाकीट बघून टेबलावरच ठेवून घेतलं. "ह्या बंद. ह्यांनी किडनी आणखी थकते. पाणी भरपूर प्यायचं. आठवड्यानं रक्त परत बघू. घरी पाणी द्यायला कोण आहे?"

"लोकं हायत की."

लोकं कुठली? लेक वालूरला, तिची सासू आंथरुणाला खिळलेली. फोन केला असता तर रडत आली असती. म्हणून केला न्हाई.

आठवडाभर उठून माठापाशी जायचं, वाकायचं, प्यायचं. गोळी नसल्यानं गुडघा शिव्या घालायचा. मी मुद्दाम मोठ्यानं घोट घ्यायचो. तेवढाच घरात आवाज.

रक्त सुधारलं. डॉक्टरीण म्हणली, आता जमंल, रंग बेतानंच देऊ. स्कॅनच्या खिडकीवरची बाई म्हणली, "सोबत कोण हाय काका?"

"काठी."

"काठीची सही चालत न्हाई."

"मग माझी घ्या. चौथीपर्यंत शिकलोय."

ती हसली आन् घेतली.

रंग आत गेला तशी सगळ्या अंगात ऊब पसरली, मांड्यांपर्यंत. मला वाटलं, धोतर भिजलं. एवढ्या वयात, परक्या बाईमाणसांपुढं! लाजेनं डोळे गच्च मिटले. काचेपलीकडून आवाज आला, "काका, हलू नका, गरम वाटतंच." उठल्यावर आधी धोतराला हात लावून बघितलं. कोरडं होतं.

दोन दिवसांनी किडनी बघायला परत रक्त दिलं. सुई परवडली, ही वाट बघणं न्हाई. डॉक्टरणीनं कागद वाचला. "गाठ काढावी लागेल बाबा, तिची तारीख देते. पण किडनीनं रंग झेपवला. शाबास."

शाबास मला म्हणली का किडनीला, कळलं न्हाई. पर छाती फुगली. परतीच्या एसटीत शेजारी एक तरणा माणूस कानात वायर घालून बसलेला. न राहवून त्याला म्हणलो, "माझी किडनी टिकली बरं का."

त्यानं एक वायर काढली. "काय?"

"किडनी. टिकली."

"बरं झालं," म्हणला, आन् मला पसरून बसता यावं म्हणून जरा खिडकीकडं सरकला. वायर परत कानात गेली.