पालथा फोन

चँडलर शहराच्या लायब्ररीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक काका रोज बसायचे. पान उलटण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय. त्या सकाळी मी शिकवत असलेल्या ऑनलाइन कोर्सची परीक्षा सुरू होणार होती. मी ऐटीत प्रश्नपत्रिका अपलोड केली आणि काकांचा फोन वाजला. त्यांनी तो पाहिला, झटकन पालथा घातला आणि वर तळहात ठेवला.

"सर, तुम्ही उत्तरं टाकलीत."

म्हणजे हे माझेच विद्यार्थी! बाकीच्यांनी उघडायच्या आत ती फाइल काढायची, तर घाईत मी भलताच फोल्डर उडवला. अखेर ती निघाली, तोवर काकांनी फोनवरचा तळहात हलवला नाही.

"काका, तुमचं नाव?"

"पेपर तपासून झाल्यावर सांगतो."

तपासताना मला प्रत्येक पेपर त्यांचाच वाटला.